मळी नसलेला आवाज

त्या वर्षांत श्रीगोंदा तालुक्यात कुणाला घरात भारी म्युझिक सिस्टिम आणायची असली, की दुकानदाराच्या आधी राधाकृष्णअण्णांना निरोप जायचा. सोयरीक जमवताना जसा एक जाणता माणूस बरोबर नेतात, तसं मशीन पसंत करायला अण्णांना न्यायचे. हे राधाकृष्णअण्णा म्हणजे माझे दाजी. माझी थोरली बहीण बनुबाई त्यांना दिलेली. मेहुण्याने दाजींची चेष्टा करायची ही आपल्याकडची रीतच आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. शिवाय चेष्टेपुरता माल त्यांनी स्वतःच भरपूर पुरवलेला आहे.

दाजी साखर कारखान्यात फिटर होते. तेही मिल हाऊसमध्ये, जिथे ऊस चिरडणारे लोखंडी रोलर फिरतात. गाळप सुरू असताना तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. अशा जागी उभी हयात काढलेल्या माणसाला अख्ख्या तालुक्याने नाजूक कानाचा म्हणून डोक्यावर घेतलं, आणि यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. आपल्याकडे माणूस एकदा जाणता ठरला की ठरला. त्याला परत तपासत बसणं शिष्टाचारात बसत नाही.

सुरुवात मात्र खरी होती, हे कबूल करायला हवं. तरुणपणी दाजी रेडिओ उघडून दुरुस्त करायचे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला होता आणि तो चांगला वाजायचा. गाण्याचं वेड होतं, आणि गाण्याहून जास्त वेड ते गाणं ज्यातून येतं त्या पेटीचं होतं. पुण्याला कारखान्याच्या कामाला गेले की बेअरिंग घेऊन यायच्या आधी मोठ्या दुकानात तासन् तास डेक ऐकत उभे राहायचे. मग परदेशी मालाची दारं उघडली, उसाच्या पट्ट्यात बंगले उठले, आणि बंगल्यात शोकेस आली. शोकेसमध्ये काहीतरी चमकणारं ठेवावं लागतं. मूर्ती ठेवल्या, प्लास्टिकची फुलं ठेवली, तरी जागा उरायची. तिथे म्युझिक सिस्टिम आली. गाणी ऐकायला वेळ कुणाला होता? वर विणलेला रुमाल टाकून ती झाकायची आणि पाहुणे आले की रुमाल काढायचा. पण जी पेटी झाकून ठेवायची ती तालुक्यात सर्वांत चांगली असली पाहिजे, याबद्दल सगळे कडवे होते.

दाजींचा भाव तिथून वाढला. चीफ इंजिनियरच्या टेबलावर एक इंग्रजी मासिक यायचं, त्यात अशा यंत्रांची परीक्षणं असत. दाजींना इंग्रजी बेताचं. चित्रं बघून आणि मधले शब्द वेचून त्यांना एवढं कळलं, की परदेशात आवाजालाही रंग, चव, उंची, रुंदी असं सगळं असतं. ते शब्द मराठीत आणायची खटपट त्यांनी केली नाही. त्यांनी सरळ कारखान्यातले शब्द घेतले. आवाज चांगला असला की साखर बघितल्यासारखं म्हणायचे, "दाना मोठा हाय." आवाज बोजड असला की, साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या चिकट मळीचं नाव घेऊन, "मळी लई हाय, मळी काढली पायजे." आणि गाणाऱ्याने गायलेल्यातलं किती आपल्यापर्यंत पोचलं याला ते रिकव्हरी म्हणायचे, उसातून किती साखर उतरली तसं. ऊसवाल्यांना हे इतकं पटायचं की विचारू नका. सीडी चेंजर कसा काम करतो हे त्यांना कळलं नसेल, पण रिकव्हरी कमी म्हटल्यावर ते लगेच पेटी बदलायला निघायचे.

त्यांची परीक्षा बघण्यासारखी असे. आधी दोन स्पीकर आणि एक खुर्ची यांच्यामध्ये सुतळी लावून तिन्ही अंतरं सारखी करायची. मागच्या भिंतीवर घोंगडी टांगायची, आवाज भिंतीला लागून परत येऊ नये म्हणून. चपला बाहेर. खोकला आलेल्याने बाहेर जायचं. मग दाजी खुर्चीत बसायचे, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायचे आणि गाणं सुरू व्हायचं. ते संपल्यावरही थोडा वेळ तसेच बसायचे. शेवटी उठून अ‍ॅम्प्लिफायरवर तळवा ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि निकाल सांगायचे. लोक ऐकायचे. बरोबर बनुबाई असायची, स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी. कुठेही गेले तरी अण्णा बायकोला घेऊन जातात, याचं सगळ्यांना कौतुक होतं. आयाबाया आपल्या नवऱ्यांना त्यावरून टोमणे मारायच्या.

आता खरी गोष्ट सांगतो. दाजींना ऐकू येत नव्हतं.

म्हणजे एका दिवसात गेलं नाही. मिल हाऊसने ते हळूहळू नेलं. आधी वरचं गेलं. पाखरं, सायकलची घंटी, कुकरची शिट्टी. मग माणसांच्या बोलण्यातले अर्धे शब्द जायला लागले. दाजींनी ते कुणाला कळू दिलं नाही. एकदा श्रीगोंद्यातल्याच एका घरी त्यांनी सिस्टिमचं तोंडभरून कौतुक केलं, आणि नंतर घरमालकाला दिसलं की एका स्पीकरची वायर निघालेलीच होती. तो मालक हसला. "अण्णा, तुमी तर एकाच पायावर लग्न लावलं," म्हणाला. दाजीही हसले. घरी येऊन मात्र बनुबाईला म्हणाले, "बने, मला वरचं ऐकू येत न्हाई. आता खालचं बी चाललंय. कुनाला सांगू नको." संसारात एवढं एकच वाक्य तो माणूस सरळ बोलला असेल. बहिणीने मला ते सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि मलाही वाईट वाटलं, हे लिहायला लाज कसली.

वाईट वाटणं तिथेच संपलं, कारण पुढे त्यांनी जी युक्ती काढली ती ऐकून मी कपाळाला हात लावला. बनुबाईने बरोबर यायचं. आवाज गोड वाटला तर पदर पुढे ओढायचा, नाही वाटला तर हातातल्या बांगड्या मागे सारायच्या.

"मला काय कळतंय त्यातलं?" बहीण म्हणाली.

"गोड लागलं का न्हाई, एवढंच सांग. उसाचा रस पिताना कळतंय न्हवं?"

बनुबाई बिचारी बरोबर जाऊ लागली. पहिल्या एक-दोन घरी तिने मन लावून ऐकलंही. पण तिला सगळ्या पेट्यांमधून सारखंच ऐकू यायचं. मग ती कंटाळली, आणि तिने तिचा स्वतःचा नियम केला. ज्या घरी तिला बसायला खुर्ची आणि नीट चहा मिळाला, त्या घरी पदर. ज्या घरी तिला बाईमाणूस म्हणून आत ढकललं, तिथे बांगड्या. एका सराफाच्या घरी तिच्यापुढे मटार सोलायला टाकले. त्या सराफाच्या जपानी स्पीकरात एवढी मळी निघाली, की त्याने ते परत केले. दुसऱ्या एका घरी मालकिणीने तिची खणानारळाने ओटी भरली. त्या घरचा कुठल्यातरी बिननावाच्या कंपनीचा ठोकळा तालुक्यात पहिल्या नंबरला गेला, आणि लोक लांबून लांबून तो ऐकायला येऊ लागले. ऐकून माना डोलवू लागले. साधारण पाच-सहा वर्षं श्रीगोंदा तालुक्याचा आवाज माझ्या बहिणीच्या पाहुणचारावर ठरत होता. मला विचाराल तर हा तिचा न्याय काही वाईट नव्हता.

हे असंच चाललं असतं. पण एका दिवाळीनंतर बनुबाई गोठ्यात पडली. नव्या गाईने दावं ओढलं, ती तोल जाऊन दगडी गव्हाणीवर पडली आणि पाय खाली अडकला. तिने हाका मारल्या. घर पंधरा पावलांच्या आतच होतं. घरात दाजी होते, त्यांच्या ऐकायच्या खोलीत, दार लावून, स्पीकरच्या पडद्यावर बोटं टेकवून बसलेले. तेवढं त्यांना कळायचं, बोटांना लागणारं. बनुबाई ओरडत राहिली. शेवटी बांधापलीकडच्या झुंबरबाईंनी ऐकलं, त्या खुरपं टाकून धावत आल्या आणि तिला ओढून काढलं. पाय मोडला होता. झुंबरबाई तिला ओसरीवर बसवून पाणी पाजत होत्या तेव्हा दाजी खोलीचं दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, "चहाचं काय झालं?"

मी त्या वेळी तिथे असतो तर काय केलं असतं कुणास ठाऊक. दाजी नंतर रडले, ते खरं. पण रडण्याने पाय सांधत नाही.

पायाला प्लास्टर असतानाच बनुबाईने त्यांना नगरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. खरं तर मी दोघांनाही नेलं, एकाला ऐकू येत नव्हतं आणि एकीला चालता येत नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं आणि कानामागे लावायचं मशीन दिलं. चार दिवस लावून बघा म्हणाले. दाजींनी ते घरी आणलं, सुतळी लावली, घोंगडी टांगली, खुर्चीत बसले, मशीन कानात घातलं आणि त्याची परीक्षा घेतली. मी समोर होतो. निकाल असा:

"बेस न्हाई. दाना न्हाई. नुसता भुसा. पत्र्यावर वाळू टाकल्यावानी. जपानची मशिनी ऐकल्याल्या मानसानं हे कानात घालायचं व्हय?"

आणि मशीन डबीत घालून डबी शोकेसमध्ये ठेवली, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी, नापास झालेल्या मालात.

बनुबाई माझी बहीण आहे, तेव्हा तिचा स्वभाव मला माहीत. ती फार बोलत नाही, पण बोलली की ते बदलत नाही. दाजींच्या समोर बसून, त्यांना ओठ दिसतील असं, सावकाश म्हणाली, "मी तिथं मेले असते. मशीन घाला. न्हाईतर हितून फुडं मी पदर बी वढनार न्हाई आन् बांगड्या बी सारनार न्हाई. तुमचं तुमी आयका."

दाजींनी ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यात त्यांना कष्ट पडत नसत.

तीन आठवड्यांत नेवाशाहून सूर्यभानरावांचं बोलावणं आलं. सूर्यभानराव मोठे ऊसवाले, प्रवरेच्या पाण्यावर बागायत, नवा बंगला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आता कॅसेट गेली, सीडीही चालली, आता सगळी गाणी एका कॉम्प्युटरच्या पोटात राहतात. हजारो गाणी. नाव दाबलं की गाणं हजर. असा कॉम्प्युटर भारी अ‍ॅम्प्लिफायरला जोडून घरात बसवायचा, आणि तो जिल्ह्यात पहिला असला पाहिजे. पण गाण्याची अशी साठवण केली तर त्यातली साखर कमी होत नाही ना, एवढं अण्णांनी येऊन सांगावं. त्यांनी जीप पाठवली.

"एवढं एकदा चल," दाजी बहिणीला म्हणाले. "मग घालतो मशीन."

"आधी घाला."

"कुनी बघितलं तर? कानात मशीन घालून मशीन तपासायला आला म्हनतील."

हे मात्र खरं होतं, आणि दाजींची सगळी अडचण एवढीच होती. तालुक्याने ज्या कानावर त्यांना मोठं केलं तो कान गेला हे कळलं असतं, तर ते पुन्हा रिटायर फिटर झाले असते. रिटायर फिटर प्रत्येक गल्लीत दोन सापडतात. बनुबाई जीपमध्ये बसली, पण खूण करणार नाही हे पुन्हा सांगून बसली. तिच्या पायाला आधार द्यायला मी एसटीतली रजा टाकून बरोबर गेलो. वाटेत दाजी तिच्याकडे बघून हसत होते. त्यांना वाटत होतं, जीपमध्ये बसली म्हणजे नरमली.

सूर्यभानरावांच्या दिवाणखान्यात तालुक्याची पंगत बसल्यासारखी माणसं होती. पुढे भिंतीला पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर, शोकेसच्या खालच्या कप्प्यात अ‍ॅम्प्लिफायर, आणि शेजारी टेबलावर कॉम्प्युटर. तो बसवणारा भीमराज नगरहून आला होता. सावेडीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान, डिप्लोमा झालेला, आपल्या कामात पक्का. सूर्यभानरावांकडे सगळ्यांना चहा बशीसकट कपात आला, आणि भीमराजला, आडनाव विचारून झाल्यावर, वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या ग्लासात. कॉम्प्युटर घरात आला होता, त्यामागून वर्ष कुठलं चाललंय ते अजून यायचं होतं. भीमराजने ग्लास बघितला, चहा न पिता टेबलाखाली ठेवला आणि वायरी लावायला लागला. मला त्या ग्लासाची चीड आली, ती अजून आहे.

बनुबाईचा पाय बघून मालकिणीने तिला चांगली गादीची खुर्ची दिली, पायाखाली स्टूल दिलं, केशर घातलेलं दूध दिलं. नेहमीच्या हिशेबाने पदर नाकापर्यंत यायला हवा होता. दाजींनी ती खुर्ची बघितली आणि ते निश्चिंत झाले.

सुतळी लागली. घोंगडी टांगली गेली. खोकणारे बाहेर गेले. भीमराजने एक नाव दाबलं आणि गाणं सुरू झालं. छान वाजत होतं, माझ्यासारख्या एसटीच्या इंजिनवर कान तयार झालेल्या माणसालाही कळत होतं. दाजींनी हळूच बनुबाईकडे पाहिलं. ती समोर बघत बसली होती, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून. पदर जागचा हलला नाही. बांगड्याही हलल्या नाहीत. दाजींनी पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे बघितलं. नवरा-बायकोच्या मध्ये मेहुण्याने पडू नये.

त्यांच्या कपाळावर घाम आला. खोलीतले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आणि तेवढ्यात त्यांची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली. पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचत होत्या. आवाज वर गेला की पट्ट्या वर, खाली आला की खाली. डावीकडच्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. दाजींच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. आवाज डोळ्यांना दाखवणारं मशीन त्यांना अखेर भेटलं होतं. आता बनुबाईची गरजच उरली नव्हती. त्यांनी मांडीवर ताल धरला, पट्ट्या बघून, आणि तो अगदी बरोबर होता.

"उजवीकडं दाना बारीक हाय," ते म्हणाले, "पर मोकळा हाय." माना हलल्या.

आणि लाईट गेली.

जानेवारी होता, भर दुपार होती. पंखे, दिवे आधीपासूनच बंद, त्यामुळे लाईट गेल्याचं डोळ्यांना काहीच दिसलं नाही. अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला आणि गाणं मध्येच तुटलं. पण कॉम्प्युटर बॅटरीवर होता. वीज जाण्याची सवय असल्याने भीमराजने बॅटरीची पेटी जोडली होती, तीही फक्त कॉम्प्युटरपुरती, कारण एवढा अ‍ॅम्प्लिफायर तिला पेलला नसता. ती पेटी 'टीं टीं' करून ओरडायला लागली. आणि पडद्यावर पट्ट्या नाचतच राहिल्या. गाणं आत चालू होतं, बाहेर काही नव्हतं.

दाजींनी ताल सोडला नाही.

भीमराज उठला. "अण्णा, लाईट," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, तर सूर्यभानरावांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "थांब," ते हळूच म्हणाले. "अन्ना आयकत्यात. हे काय तरी येगळं चाललंय." भीमराजने बॅटरीच्या पेटीचं ओरडणं बंद केलं. खोलीत शांतता झाली. त्या शांततेत दाजी मान डोलवत होते, मधूनच एखादी जागा आल्यासारखे डोळे बारीक करत होते. शेजारचा एक म्हातारा हळूहळू मान हलवायला लागला. मग दुसरा. जो हलवत नव्हता तो इकडेतिकडे बघून, आपणच मागे राहिलो की काय अशा भीतीने, हलवायला लागला. बघता बघता नेवासा तालुक्यातली निवडक बागायतदार मंडळी काहीही नसलेल्या गाण्याला दाद देऊ लागली. भीमराज तेवढा हातावर हात ठेवून उभा होता. त्याने एकदा टेबलाखालच्या ग्लासाकडे पाहिलं, आणि मग तोही काही बोलला नाही.

"आता आवाज खरा उघडला," दाजी म्हणाले. "मळी गेली बगा सगळी. एक थेंब न्हाई."

"लई मोकळं वाटतंय," सूर्यभानराव म्हणाले.

तेव्हा बनुबाई उठली. मोडका पाय टेकत, खुर्चीला धरून. खणखणीत बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लाईट गेलीय. गानं बंद हाय. ह्यांना आयकू येत न्हाई, लई वर्सं झाली. कारखान्यानं नेलं. तुमी तरी आयका."

 दाजींना तिचे ओठ हलताना दिसले. ती उभी राहिली होती, एवढ्या लोकांसमोर बोलत होती, असं ती कधी करत नसे. दाजींनी सगळ्यांकडे वळून मोठ्या समाधानाने सांगितलं:

"बगा. हिला बी पसंत पडलं."

मी सूर्यभानरावांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. पण अण्णा बहिरे म्हणायचं, तर आपण इतका वेळ कशाला माना हलवत होतो तेही सांगावं लागलं असतं. सूर्यभानराव मोठ्याने हसले. "वैनी चेष्टा करत्यात," म्हणाले. मग सगळेच हसले, जरा जास्तच वेळ. मालकीण घाईघाईने पोहे घेऊन आली. भर सभेत खरं सांगितलेलं इतकं सफाईने गिळलेलं मी त्याआधी फक्त निवडणुकीत पाहिलं होतं. सूर्यभानरावांनी तो कॉम्प्युटर ठेवून घेतला. अण्णांनी पास केलेला, असं ते पुढे येईल त्याला सांगायचे.

दाजी मात्र सवयीने उठले आणि शोकेसमध्ये वाकून अ‍ॅम्प्लिफायरवर तळवा ठेवायला गेले. अ‍ॅम्प्लिफायर गार पडत चालला होता, आणि त्याचा लाल दिवा विझलेला होता. ते तसेच वाकून राहिले. मग त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, तिथे पट्ट्या अजून नाचत होत्या. मग बनुबाईकडे पाहिलं. ती बसली होती आणि रडत होती. दाजी सरळ झाले, सूर्यभानरावांना म्हणाले, "घ्या, मशीन चांगलं हाय," आणि चपला शोधायला बाहेर गेले.

त्याच जीपने आम्ही परत निघालो. श्रीगोंद्याला पोचायला संध्याकाळ झाली, मी त्यांच्याकडेच मुक्काम केला.

सकाळी मी ओसरीवर चहाला बसलो तर दाजी आतून आले. कानामागे ते मशीन होतं. ते हाताने सारखं चाचपत होते, चेहरा वाकडा करत होते. मी कप खाली ठेवला त्याने दचकले. कोंबडी ओरडली त्याने दचकले. मी तोंड वळवून हसलो. दाजी पाटावर बसून चहा पिऊ लागले. बनुबाई चुलीपाशी होती, तिकडूनच तिने रोजच्यासारखं विचारलं, "साकर घालू का अजून?"

दाजींनी कप खाली ठेवला. ते तिच्याकडे बघत राहिले, सिस्टिमची परीक्षा घेताना बघायचे तसे नाही, गोंधळल्यासारखे.

"परत बोल," ते म्हणाले.

"साकर घालू का, म्हनलं."

"बने," दाजी म्हणाले, "तुजा आवाज फाटलाय. असा न्हवता तुजा आवाज."

"न्हवताच," ती म्हणाली. "तुमाला हाका मारू मारू फाटला."

दाजींचा हात कानातलं मशीन काढायला वर गेला होता. तो तिथेच थांबला, आणि मग त्यांनी तो खाली घेतला.